पासवर्ड बरोबर, तरी कॉम्प्युटर आत घेत नाही: नारपोलीच्या गोडाऊनमधली ‘डोमेन’ची भानगड नेमकी काय असते?

सोमवारची सकाळ. नारपोलीतलं एखादं गोडाऊन डोळ्यांसमोर आणा. बाहेर टेम्पो लागलाय, हमाल पेट्या चढवून मोकळे झालेत, ड्रायव्हर चहा पिऊन परत आलाय. फक्त बिल निघायचं बाकी आहे. बिलिंगवाला कॉम्प्युटरपुढे बसतो, रोजचा पासवर्ड टाकतो आणि समोर इंग्रजीत एक ओळ येते. अर्थ असा, की हा कॉम्प्युटर आणि डोमेन यांच्यातला विश्वासाचा संबंध तुटलाय.

तो पासवर्ड पुन्हा टाकतो. कॅप्स लॉक बघतो. रिस्टार्ट मारतो. परत तेच. मग मुंबईच्या हेड ऑफिसला फोन जातो, “सर, पासवर्ड घेत नाहीये.”

आणि गाडी चुकीच्या रस्त्याला लागते ती इथेच. कारण या मेसेजमध्ये त्याच्या पासवर्डचा काही दोषच नसतो. हेड ऑफिसवाला पासवर्ड बदलून देतो, त्याने काहीच होत नाही. मग कोणीतरी म्हणतं फॉरमॅट मारा. दुपार होते, टेम्पो तिथेच.

हे भिवंडीत जास्त का दिसतं? भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आठवतात, पण नारपोली, अंजूर फाटा, राहनाळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली या पट्ट्यात आज गोडाऊनचं साम्राज्य आहे. मुंबईत जकात होती, १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर ती गेली. तोवर माल शहराच्या हद्दीबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा हा हिशोब व्यापाऱ्यांना परवडायचा. जकात गेली, गोडाऊन राहिली, वाढलीसुद्धा. या धंद्याची मांडणी अशी असते, की कंपनीचा सर्व्हर मुंबईत, आयटीवाला मुंबईत आणि भिवंडीत फक्त दोन-चार कॉम्प्युटर. बिघाड झाला की समोर बसलेल्या माणसाला फोनवरून मिळेल तेवढीच मदत.

म्हणून हा विषय एकदा नीट समजून घेऊ. आयटीचं शिक्षण लागणार नाही.

गाडीचीही नोंद असते

घरच्या कॉम्प्युटरला तुमचा पासवर्ड त्याचा तोच माहीत असतो. कंपनीत पन्नास कॉम्प्युटर आणि ऐंशी माणसं असतील तर प्रत्येक मशीनवर प्रत्येकाचा पासवर्ड ठेवत बसणं शक्य नाही. म्हणून एक मध्यवर्ती रजिस्टर ठेवतात. ते ज्या सर्व्हरवर असतं तो डोमेन कंट्रोलर आणि त्या रजिस्टरच्या ताब्यातलं सगळं जग म्हणजे डोमेन. मायक्रोसॉफ्टची ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ ही यासाठीची व्यवस्था विंडोज २००० बरोबर आली आणि आजही बहुतेक कंपन्यांमध्ये तीच आहे.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. गोडाऊनच्या गेटवर वॉचमन काय करतो? ड्रायव्हरचं नाव विचारतो आणि गाडीचा नंबरही रजिस्टरमध्ये शोधतो. ड्रायव्हर ओळखीचा आहे पण गाडीचा नंबर नोंदलेला नाही, तर गाडी आत जात नाही. डोमेनचं अगदी तसंच आहे. तुमचं खातं असतं, तसं तुमच्या कॉम्प्युटरचंही स्वतःचं खातं असतं. त्या खात्याला पासवर्डही असतो. तो कोणी टाईप करत नाही. कॉम्प्युटर तो स्वतः तयार करतो, डोमेन कंट्रोलरला कळवतो आणि साधारण दर ३० दिवसांनी स्वतःच बदलतो.

‘ट्रस्ट रिलेशनशिप फेल्ड’ हा मेसेज आला की समजायचं, ड्रायव्हर ठीक आहे, गाडीची नोंद जुळत नाहीये.

यावरून एक गैरसमज फार पसरलाय. तो असा, की कॉम्प्युटर ३० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला की डोमेन त्याला विसरतं. असं नाही. पासवर्ड बदलायचा की नाही हे कॉम्प्युटर ठरवतो, सर्व्हर नाही. मशीन सहा महिने कपाटात पडून राहिलं तर पासवर्डही सहा महिने तोच राहतो, दोन्हीकडे. चालू केलं की नेहमीसारखं जोडलं जातं आणि मग बदल करतं. बंद ठेवल्यामुळे नोंद तुटत नाही. तुटलीच असेल तर बहुधा हेड ऑफिसमध्ये कोणीतरी साफसफाई करताना ‘हे मशीन दिसतच नाही’ म्हणून खातं उडवलेलं असतं.

आधी मेसेज वाचा, फोटो काढा

मेसेज इंग्रजीत आहे म्हणून ओके दाबून पुढे जाण्याची आपल्याला सवय असते. पण निम्मं निदान त्याच ओळीत असतं.

‘युजरनेम किंवा पासवर्ड इनकरेक्ट’ असेल तर तुमची गडबड आहे. कॅप्स लॉक, नम लॉक, कीबोर्ड मराठीवर राहिलाय का, एवढं बघा. ‘अकाउंट लॉक्ड’ असेल तर पुन्हापुन्हा प्रयत्न करू नका, हेड ऑफिसला सांगा, त्यांचं एका मिनिटाचं काम आहे. यात यापेक्षा जास्त काही नाही.

‘लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही’ किंवा ‘तुमचं डोमेन उपलब्ध नाही’ असं असेल, तर वॉचमनपर्यंत तुम्ही पोहोचलेलाच नाहीत. मधला रस्ता बंद आहे. आणि ‘ट्रस्ट रिलेशनशिप’ असेल तर पोहोचलात, पण गाडी ओळखली गेली नाही. हे दोन संपूर्ण वेगळे आजार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं आहे. फोनवर मात्र दोन्ही “कॉम्प्युटर लॉगिन होत नाहीये” म्हणूनच सांगितले जातात. स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून पाठवला तर अर्धा तास वाचतो.

फोटोबरोबर अजून एक गोष्ट सांगा, शेजारचा कॉम्प्युटर चालतोय का. तो चालत असेल तर लाईन आणि सर्व्हर दोन्ही सुटले. फक्त हेही खरं, की ‘चालतोय’ हा शब्द इथे फसवा आहे. का, ते लगेच येतंय.

एकाच मशीनवर एक जण आत जातो, दुसरा नाही

हा प्रकार लोकांना भुताटकीसारखा वाटतो. रोजचा ऑपरेटर लॉगिन होतो, त्याच्या सुट्टीत बदली आलेला माणूस मात्र होत नाही. मशीन एकच, केबल एकच.

कारण साधं आहे. विंडोज त्या मशीनवर आधी लॉगिन केलेल्या शेवटच्या दहा जणांची ओळख स्वतःजवळ जपून ठेवतं. डोमेन कंट्रोलर सापडला नाही तर ते ही जुनी नोंद बघून आत सोडतं. म्हणूनच कंपनीचा लॅपटॉप घरी, ट्रेनमध्ये, गावाला उघडतो. रोजचा ऑपरेटर या यादीत असतो, नवा नसतो. म्हणजे रोजचा माणूस आत गेला याचा अर्थ नेटवर्क ठीक आहे असा होत नाही. कदाचित आठवडाभर लाईन तुटलेली असेल आणि कोणाला पत्ताच नसेल.

याच कारणाने आणखी एक गंमत होते. हेड ऑफिसला गेलेल्या माणसाने तिथे पासवर्ड बदलला आणि संध्याकाळी नारपोलीला आला. इथली लाईन बंद. नवा पासवर्ड चालत नाही, जुना चालतो. इथल्या मशीनला बातमीच पोहोचलेली नाही.

हीच सोय अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. ‘ट्रस्ट रिलेशनशिप’चा मेसेज येत असेल तर नेटवर्कची केबल काढा, वायफाय असेल तर बंद करा आणि नेहमीचा पासवर्ड टाका. सर्व्हरला विचारायची सोयच नसल्यामुळे विंडोज जपलेली नोंद बघतं आणि बहुतेक वेळा आत घेतं. कंपनीने ही सोय मुद्दाम बंद केली असेल तरच चालत नाही. आत गेलात की हवी ती फाईल पेन ड्राईव्हवर घ्या आणि काम पुढे ढकला. ही दुरुस्ती नाही, पण टेम्पो सुटतो. आणि ई-वे बिल काढायचं असेल तर ते पोर्टल इंटरनेटवर आहे, त्याला तुमच्या डोमेनशी घेणंदेणं नाही. दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून किंवा मोबाईलवरून निघतं. डोमेन बंद म्हणून गाडी अडवून ठेवायची गरज नाही, हे घाईत कोणाच्या लक्षात येत नाही.

“नेट तर चालू आहे की!”

आता रस्ता बंद असण्याकडे येऊ. आधी केबल बघा. हसू नका. गोडाऊनमध्ये हातगाडीचं चाक केबलवरून जातं, उंदीर कुरतडतात, झाडू मारताना स्विचचा प्लग निघतो. केबलच्या टोकाशी दिवा लुकलुकतोय का, एवढं बघायला दहा सेकंद लागतात.

दिवा लागतोय तर कॉम्प्युटरला पत्ता मिळालाय का ते बघायचं. केबल काढून लॉगिन व्हा, केबल पुन्हा लावा, काळी कमांडची खिडकी उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ लिहून एक जागा सोडून ‘स्लॅश ऑल’ लिहा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला कोणी पत्ता दिलेलाच नाही, त्याने स्वतःच्या मनाने एक घेतलाय. राउटर किंवा स्विच बंद करून चालू करून बघा.

पत्ता ठीक असेल तर त्याच यादीत खाली ‘डीएनएस सर्व्हर्स’ अशी ओळ असते. माझ्या मते या संपूर्ण लेखातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा. गूगलचं नाव सांगितलं की तो गूगलचा पत्ता देतो. तसंच तुमचा कॉम्प्युटर सकाळी उठून विचारतो, “आमच्या कंपनीचा डोमेन कंट्रोलर कुठे राहतो?” याचं उत्तर फक्त कंपनीच्या स्वतःच्या डीएनएस सर्व्हरकडे असतं. बाहेरच्या जगाला ते माहीत नसतं आणि माहीत असूही नये.

होतं काय, तर नेट स्लो चालतंय म्हणून तक्रार होते. केबलवाला मुलगा येतो, सेटिंगमध्ये जाऊन ८.८.८.८ टाकतो. हा गूगलचा फुकट डीएनएस. नेट भराभर चालायला लागतं, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी लॉगिन अडकतं. बिचारा कॉम्प्युटर आता तुमच्या कंपनीच्या वॉचमनचा पत्ता गूगलला विचारतोय आणि गूगल सांगतंय, असं कोणी नाही. यूट्यूब चालतंय, व्हॉट्सअ‍ॅप वेब चालतंय, म्हणून इकडचा माणूस फोनवर ठामपणे सांगतो, “सर, नेट तर चालू आहे की!” आणि तो खोटं बोलत नसतो.

काही हुशार लोक पहिला डीएनएस कंपनीचा आणि दुसरा गूगलचा टाकतात, बॅकअप म्हणून. हे जास्त त्रासदायक, कारण मग बिघाड कधी होतो, कधी होत नाही. पहिल्याने उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे जातं आणि काही वेळ तिथेच रमतं. डोमेनमधल्या कॉम्प्युटरवर दोन्ही डीएनएस कंपनीचेच हवेत. बाहेरच्या नावांची चौकशी तो सर्व्हर स्वतः पुढे करतो.

डीएनएस बरोबर असूनही सर्व्हर सापडत नसेल तर व्हीपीएन बघायचं. नारपोली आणि हेड ऑफिस यांच्यामध्ये इंटरनेटवरूनच एक खासगी बोगदा केलेला असतो. बोगदा बंद पडला तरी इंटरनेट चालूच राहतं. हे सहसा राउटर रिस्टार्ट करून सुटतं, नाहीतर हेड ऑफिसनेच बघायचं.

घड्याळाने घात केला

हे कारण ऐकून लोक विश्वास ठेवत नाहीत. कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं तर लॉगिन अडकू शकतं.

डोमेनमध्ये ओळख पटवायची जी पद्धत आहे तिचं नाव केर्बेरॉस. अमेरिकेतल्या एमआयटीत ती तयार झाली आणि ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून तिचं नाव पडलं. या पद्धतीत प्रत्येक ओळखपत्रावर वेळेचा शिक्का असतो, म्हणजे कोणी जुनं ओळखपत्र चोरून पुन्हा वापरू नये. त्यासाठी दोन्ही घड्याळं जुळायला हवीत. विंडोजमध्ये ठरलेली सूट ५ मिनिटांची आहे. त्याहून जास्त फरक असेल तर ओळखपत्र नाकारलं जाऊ शकतं.

कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या एका चपट्या गोल सेलवर. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. ऑफिसमध्ये प्लग चालू राहतो, त्यामुळे रात्रीही मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि सेल वाचतो. गोडाऊनमध्ये मात्र आगीच्या भीतीने निघताना मेन स्विच पाडायची पद्धत असते, आणि कापड-पुठ्ठ्याच्या गोडाऊनमध्ये ती योग्यच आहे. पण मग रोज रात्री आणि पूर्ण रविवार सगळा भार त्या सेलवर. तो लवकर मरतो आणि मेलेला सेल सोमवारी सकाळी जाणवतो. तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली असते.

साधारणपणे विंडोज डोमेन कंट्रोलरकडून बरोबर वेळ आपोआप घेतं. पण गोडाऊन व्हीपीएनने जोडलेलं असेल आणि व्हीपीएन त्याच कॉम्प्युटरवरून लागत असेल तर पेच पडतो. तारीख चुकीची म्हणून सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी वाटतात, म्हणून व्हीपीएन लागत नाही, म्हणून सर्व्हर सापडत नाही, म्हणून तारीख दुरुस्त होत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. ब्राउझरमध्ये एकूण एक साईट ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. वर्षसुद्धा बघा, नुसते काटे नाही.

काट्यांची वेगळीच फसवणूक असते. नवीन विंडोज टाकल्यावर टाइम झोन अमेरिकेतल्या पॅसिफिकचा राहून जातो. मग कोणीतरी भिंतीवरचं घड्याळ बघून हाताने वेळ जुळवतो. आकडे बरोबर दिसतात. पण कॉम्प्युटर मनातल्या मनात सगळा हिशोब जागतिक वेळेत करतो. भारत त्याच्या साडेपाच तास पुढे, पॅसिफिक हिवाळ्यात आठ तास मागे. म्हणजे दिसायला एक मिनिटाचाही फरक नाही आणि प्रत्यक्षात साडेतेरा तासांचा घोळ. आधी झोन भारताचा करा, मग वेळ.

नोंद खरंच तुटली असेल तर

केबल, डीएनएस, घड्याळ सगळं ठीक आणि मेसेज ‘ट्रस्ट’चाच आहे, तर मग कॉम्प्युटरकडचा पासवर्ड आणि सर्व्हरकडचा पासवर्ड खरोखर वेगळे झालेत. हे कशाने होतं?

एक म्हणजे मागे जाणं. मशीन हळू चालतं म्हणून सिस्टिम रिस्टोअर मारलं, किंवा जुनी इमेज पुन्हा टाकली. कॉम्प्युटर दोन महिन्यांपूर्वीच्या स्थितीत गेला आणि दोन महिन्यांपूर्वीचा पासवर्ड घेऊन आला. सर्व्हर मात्र आजचा मागतोय.

दुसरं कारण नावाचं, आणि यात भिवंडीची खास अडचण आहे. कॉम्प्युटरचं जुन्या पद्धतीचं नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं असतं, त्यापुढचं कापलं जातं. आता इंग्रजीत ‘भिवंडी’, मधली रेघ आणि ‘गोडाऊन’ लिहा आणि मोजा. आठ, एक आणि सहा. बरोबर पंधरा! म्हणजे कोणी एका मशीनला ‘भिवंडी-गोडाऊन-१’ आणि दुसऱ्याला ‘भिवंडी-गोडाऊन-२’ नाव दिलं, तर नेमका शेवटचा आकडाच गळतो. विंडोज तशी सूचना देतं, पण सूचना कोण वाचतं. दोघांचं खातं एकच होऊन बसतं. दुसरं मशीन जोडलं की त्याचा पासवर्ड नोंदवला जातो आणि पहिलं बाहेर. पहिलं दुरुस्त केलं की दुसरं बाहेर. ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने असलेलं खातं पुन्हा वापरण्यावर बंधनं घातली, पण ज्याने पहिलं मशीन जोडलं त्याच आयडीने दुसरं जोडलं तर हा खेळ अजूनही होऊ शकतो. आकडा आधी टाका, गावाचं नाव आखूड करा.

दुरुस्तीची प्रचलित पद्धत म्हणजे कॉम्प्युटर डोमेनमधून काढायचा, वर्कग्रुपमध्ये टाकायचा, रिस्टार्ट करायचा आणि पुन्हा जोडायचा. काम होतं. पण यात एक खड्डा आहे आणि फोनवरून ऐकून काम करणारा त्यात हमखास पडतो. डोमेनमधून बाहेर पडल्यावर त्या मशीनवर डोमेनचं कुठलंच खातं चालत नाही. फक्त त्या मशीनचं स्वतःचं लोकल खातं चालतं. त्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसेल, आणि विंडोजचं मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं विस्टापासून बंदच येतं, तर तुम्ही आतून दार लावून किल्ली बाहेर फेकलीत. सकाळी निदान केबल काढून आत जाता येत होतं, आता तेही नाही.

म्हणून नियम एकच. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड हातात आल्याशिवाय, आणि त्याने एकदा खरंच लॉगिन करून बघितल्याशिवाय, डोमेनमधून बाहेर पडायचं नाही. लोकल खात्याने जायचं तर नावाच्या आधी एक टिंब आणि उलटा स्लॅश द्यायचा, म्हणजे विंडोज सर्व्हरला न विचारता याच मशीनवर शोधतं. हा पासवर्ड सगळीकडे एकच ठेवून कागदावर चिकटवू नये म्हणून मायक्रोसॉफ्टची ‘लॅप्स’ नावाची सोय आहे. एप्रिल २०२३ पासून ती विंडोजमध्येच येते. प्रत्येक मशीनचा वेगळा पासवर्ड ती स्वतः ठरवते आणि सर्व्हरवर जपते. हेड ऑफिसने तो वाचून सांगायचा.

खरं तर बाहेर काढून आत घेण्याची गरजही नसते. लोकल अ‍ॅडमिनने आत गेल्यावर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-कॉम्प्युटरसिक्युअरचॅनल’ ही एक कमांड आहे, सगळं एकत्र लिहायचं, मध्ये जागा नाही. नुसती चालवली तर ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ उत्तर देते. फॉल्स आलं तर तिच्यापुढे ‘रिपेअर’ आणि ‘क्रेडेन्शियल’ हे पर्याय जोडून चालवायची, अधिकार असलेल्या डोमेन खात्याचा आयडी द्यायचा. दोन्हीकडे नवा पासवर्ड बसतो. सर्व्हरवरचं खातंच उडालं असेल तर मात्र आधी ते परत आणावं लागतं.

हेड ऑफिसवाल्यांसाठीही एक सूचना. सर्व्हरवर कॉम्प्युटरच्या नावावर राईट क्लिक केलं की ‘रिसेट अकाउंट’ दिसतं. नाव ऐकून वाटतं, हेच दाबायचं. ते नोंद जोडत नाही, पुरती तोडतं. मशीन पुन्हा जोडायचं ठरवलं असेल तरच ते दाबायचं.

आणि पुन्हा जोडल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरून काही डिलीट करू नका. बहुधा विंडोजने नवं प्रोफाईल उघडलेलं असतं. जुन्या फायली सी ड्राईव्हच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली पडलेल्या असतात.

या सगळ्या गडबडीत गूगलवर नंबर शोधून अनोळखी ‘सपोर्ट’वाल्याला फोन करायचा मोह होतो. तो रिमोट अ‍ॅप टाकायला सांगतो. डोमेनचा अ‍ॅडमिन पासवर्ड असलेल्या माणसाने असं केलं तर एका कॉम्प्युटरसाठी पूर्ण कंपनीची किल्ली दिल्यासारखं आहे.

दोष मशीनचा नसतोच, तेव्हा

सगळ्या कॉम्प्युटरवर, सगळ्या ठिकाणी एकदम लॉगिन बंद झालं तर नारपोलीतल्या केबलशी खेळू नका. डोमेन कंट्रोलरच पडलेला असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारी घडलंय. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात आडवी झाली आणि न्हावा शेवा इथलं तिच्या समूहाचं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. ज्या बंदरातून आलेले कंटेनर भिवंडीच्या गोडाऊनमध्ये उतरतात, तेच हे बंदर.

मर्स्ककडे जगभर साधारण १५० डोमेन कंट्रोलर होते. प्रत्येकाकडे पूर्ण रजिस्टरची प्रत, म्हणजे एक गेला तर बाकीचे आहेत. पण व्हायरसने ते सगळे एकाच वेळी पुसले, आणि सगळेच जातील असा विचार कोणी केलेला नव्हता. ‘वायर्ड’ मासिकाने २०१८ मध्ये दिलेल्या हकिकतीप्रमाणे एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला. का वाचला? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. भिवंडीकरांना यातला विनोद वेगळा समजावून सांगायला नको.

घानाहून तो डेटा इंटरनेटवरून पाठवायला वेळ फार लागला असता. तिथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून तो हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. त्या एका डिस्कवरून कंपनीचं डोमेन पुन्हा उभं राहिलं. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले, असं मर्स्कच्या अध्यक्षांनी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं.

लहान कंपन्यांमध्ये मात्र बहुतेकदा डोमेन कंट्रोलर एकच असतो, तोही अकाउंट्सच्या टेबलाखाली. तो गेला की प्रत गेली. निदान दोन हवेत, आणि एक बॅकअप असा हवा जो नेटवर्कला जोडलेला नाही. दुसरा गोडाऊनमध्ये ठेवायचा झाला तर चोरीची भीती वाटते, आणि ती रास्त आहे. अशा जागांसाठीच विंडोज सर्व्हर २००८ पासून फक्त वाचता येणारा डोमेन कंट्रोलर मिळतो. त्याच्यावर ठरवून दिलेल्या माणसांचे आणि कॉम्प्युटरचेच पासवर्ड जपले जातात. बोगदा बंद पडला तरी बिलिंगवाला लॉगिन होतो, आणि पेटी चोरीला गेलीच तर कोणाकोणाचे पासवर्ड बदलायचे याची यादी हेड ऑफिसकडे तयार असते.